सरपंच गेला, ग्रामसभा गेली. पुण्यात आता प्रश्न विचारायचा कुठं?

नमस्कार मंडळी! वाघोली, नऱ्हे, सूस, मांजरी बुद्रुक... 30 जून 2021 रोजी अशी 23 गावं पुणे महापालिकेत आली. पाणी, टँकर, मिळकतकर, सगळ्यावर बोलून झालं. पण या गावांची ग्रामसभा गेली, त्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. ग्रामसभेत गावचा कुठलाही मतदार उभा राहून ‘या गटाराचे पैसे कुठं गेले?’ असं विचारू शकायचा. कायद्यानंच.

शहरासाठी कायद्यात काही नाही असं नाही. 2009 मध्ये राज्यानं महापालिका अधिनियमात ‘क्षेत्रसभा’ आणली. आपल्या भागातल्या मतदारांनी जमायचं, कामांचा प्राधान्यक्रम ठरवायचा. तुम्ही अशा सभेला कधी गेला असाल, तर तुम्ही फार दुर्मिळ पुणेकर आहात. त्यात मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, आणि पुढची निवडणूक झाली थेट जानेवारी 2026 मध्ये. मधे प्रशासक. सभा घेणार कोण?

मग हातात काय उरतं? एक चांगली गोष्ट उरते. पुणे महापालिकेनं 2006 च्या सुमारास नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक सुरू केलं. ही कल्पना मूळची ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहरातली, 1989 ची. तिथं लोक सभेत बसून कामांचा क्रम ठरवायचे. आपल्याकडं तुम्ही फॉर्म भरून काम सुचवता, आणि ठरवतात दुसरेच. हा फरक सुरुवातीलाच डोक्यात ठेवा, म्हणजे पुढं चिडचिड कमी होईल.

फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात मिळतो, ऑनलाइनही भरता येतो. पावसाळ्याच्या शेवटाकडं महापालिका आवाहन करते, कारण हिवाळ्यात पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक बांधलं जातं. फेब्रुवारीत जागे झालात तर त्या वर्षाची गाडी गेली. पदपथ, दिवे, बसथांबा, सार्वजनिक स्वच्छतागृह, ओल्या कचऱ्याचा प्रकल्प, अशी छोटी कामं सुचवायची. एका कामाला साधारण पाच लाखांची मर्यादा असते, म्हणून इथं उड्डाणपूल मागू नका.

आता नीट ऐका. बरेचसे फॉर्म बाद होतात ते लिहिण्याच्या पद्धतीमुळं. ‘आमच्या भागात रस्ते चांगले करावेत.’ याचं ज्युनिअर इंजिनिअरनं करायचं काय? त्याला इस्टिमेट काढायचंय. त्याऐवजी लिहा: अमुक शाळेच्या फाटकापासून तमुक चौकापर्यंत, डाव्या बाजूला, अंदाजे साठ मीटर पदपथ नाही, मुलं रस्त्यावरून चालतात. सोबत दोन फोटो. आणि जागा महापालिकेचीच आहे ना, हे आधी बघा. सोसायटीच्या आतला रस्ता सुचवलात तर फॉर्म तिथंच संपला. जमलं तर फॉर्म भरण्याआधीच त्या इंजिनिअरला जागेवर बोलवा. येतोच असं नाही, पण आला तर तुमचं निम्मं काम झालं.

समजा काम मंजूर झालं. पेढे वाटू नका. अंदाजपत्रक महापालिकेच्या वेबसाइटवर येतं, त्यात आपल्या क्षेत्रीय कार्यालयाची पानं काढून आपलं काम शोधा. सापडलं? तरी थांबा. महापालिकेत ‘वर्गीकरण’ नावाचा प्रकार असतो. एका कामासाठी ठेवलेला निधी वर्षाच्या मधे दुसऱ्या कामाकडं वळवला जातो. कधी कारण रास्त असतं, कधी फक्त कुणाचा तरी आग्रह असतो. माझं स्पष्ट मत: लोकांनी सुचवलेल्या कामांच्या पैशाला वर्गीकरणात हात लावायचाच नाही, असा नियम हवा. तो येईपर्यंत राखण आपणच करायची.

हरकतींचंही थोडक्यात सांगतो. रस्त्यासाठी किंवा बांधकामासाठी झाड तोडायचं असेल तर झाडावर नोटीस लागते, आणि हरकत नोंदवायला सातच दिवस मिळतात. त्यामुळं जाता-येता झाडांकडं बघत जा, खरंच. विकास आराखड्यावरही हरकती घेता येतात. जुन्या हद्दीच्या आराखड्यावर 2013 मध्ये पुणेकरांनी 87 हजारांच्या आसपास हरकती-सूचना नोंदवल्या होत्या. पुढं 2015 मध्ये राज्य सरकारनं तो आराखडा महापालिकेकडून स्वतःच्या हातात घेतला. म्हणून आपल्या हरकतीची पोच आणि सुनावणीची तारीख, दोन्ही जपून ठेवा.

आणि राखण करायची कशी, तर फायली बघून. दर सोमवारी दुपारी 3 ते 5, माहिती अधिकाराचा अर्ज न करता महापालिकेतल्या फायली बघता यायच्या. राज्य सरकारनं 2018 मध्ये परिपत्रक काढून हे सगळ्या स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू केलं. पुण्यात ही पद्धत त्याआधीपासून होती. ही सोय आता चालू आहे का, ते जाण्याआधी विचारून घ्या; नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करून फाइल बघायला मागा. आपल्या कामाच्या फायलीत तीन कागद शोधा: इस्टिमेट, कार्यादेश आणि बिल. कार्यादेश म्हणजे ठेकेदाराला दिलेली वर्क ऑर्डर. बिल निघालंय आणि पदपथ दिसत नाही, असं असेल तर त्या पानाची प्रत मागा आणि त्याच दिवशी क्षेत्रीय कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घेऊन. शिवाजीनगरच्या मुख्य इमारतीत जायचं असेल तर मेट्रोनं जा, स्टेशन शेजारीच आहे. तिथं पार्किंग शोधण्यात साडेचार वाजतात.