वेरिबीत 29 टक्के मतांवर विजय कसा मिळाला?

नमस्कार. ऑस्ट्रेलियातील वेरिबीच्या पोटनिवडणुकीपासून मला एकच प्रश्न वारंवार विचारला जातो: शंभरांतील एकाहत्तर मतदारांनी ज्याला पहिली पसंती दिली नाही, तो उमेदवार निवडून आला कसा?

वेरिबी हा मेलबर्नच्या नैऋत्येला सुमारे 30 किलोमीटरवरचा, व्हिक्टोरिया राज्याच्या विधानसभेचा मतदारसंघ. 2002 ते 2014 या काळात तो या नावाने अस्तित्वात नव्हता. बरेच मतदार टार्नीट मतदारसंघात होते. तिथून 2006 मध्ये निवडून आलेले लेबर पक्षाचे टिम पॅलस 2014 मध्ये नव्याने निर्माण झालेल्या वेरिबीत आले आणि पुढे दहा वर्षे राज्याचे अर्थमंत्री राहिले. त्यांनी पद सोडल्यावर 8 फेब्रुवारी 2025 रोजी मतदान झाले.

2022 मध्ये लेबरला पहिल्या पसंतीची सुमारे 45 टक्के मते होती. पोटनिवडणुकीत ती सुमारे 29 टक्क्यांवर आली. मुख्य विरोधी लिबरल पक्षाच्या उमेदवारालाही जवळपास तेवढीच मिळाली, तरीही लेबरचे जॉन लिस्टर निसटते विजयी झाले. याला घोटाळा म्हणणाऱ्या प्रतिक्रिया वाचून मला खरोखर वाईट वाटते, कारण हा मतदारांच्या निर्णयाचा अनादर आहे.

महाराष्ट्रातील पदवीधर मतदारसंघाची निवडणूक आठवा. तिथेही आपण 1, 2, 3 असे पसंतीक्रम लिहितो आणि तळाचा उमेदवार बाद झाला की त्याची मते दुसऱ्या पसंतीप्रमाणे पुढे जातात. फरक इतकाच, की तिथे पुढची पसंती ऐच्छिक असते, इथे सर्व उमेदवारांना क्रमांक द्यावा लागतो. मी इथे पहिल्यांदा मतदान केले तेव्हा नुसता 1 लिहून मतपत्रिका पेटीत टाकली; ते मत बाद ठरले असणार, हे नंतर कळल्यावर फार चुटपुट लागली.

दुसऱ्या बाजूने पाहा. शेवटी दोनच उमेदवार उरतात आणि प्रत्येक वैध मत त्यांपैकी एकाकडे असते. म्हणून 29 टक्के हा निकाल नव्हे. निकाल म्हणजे अखेरचे सुमारे 51 विरुद्ध 49.

एका प्रेक्षकांनी लिहिले की, ग्रीन्स पक्षाने आपली मते लेबरला देऊन टाकली. विधानसभेच्या मतदानात कोणताही पक्ष मते देऊ शकत नाही. केंद्राबाहेर कार्यकर्ते पसंतीक्रम सुचवणारी पत्रके वाटतात. क्रमांक मात्र मतदारच स्वतःच्या हाताने लिहितो.

आता पुढचे. लेबरची साधारण सोळा टक्के मते गेली, पण लिबरलची वाढ जेमतेम चार टक्क्यांच्या आसपास होती. उरलेला राग अपक्ष आणि लहान पक्षांकडे वळला. 2021 च्या जनगणनेत, वेरिबी ज्यात येते त्या विंडम नगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे 2 लाख 92 हजार होती. वस्ती वाढली, पण रस्ते त्या वेगाने वाढले नाहीत आणि तिथल्या विंडम व्हेल उपनगरापर्यंत विजेवरची रेल्वे नेण्याचे 2018 चे आश्वासन पोटनिवडणुकीपर्यंतही पुरे झाले नव्हते. रोज सकाळी कोंडीत अडकणाऱ्या कुटुंबांना, ज्यांत भारतीय कुटुंबेही पुष्कळ आहेत, विकासाची आकडेवारी पटणार नाही.

त्यामुळे 28 नोव्हेंबर 2026 च्या राज्य निवडणुकीत लेबरला फक्त लिबरलचे आव्हान आहे, असे मला वाटत नाही. एखादा समर्थ अपक्ष पहिल्या दोघांत पोहोचला, तर लिबरल मतदारांच्या पुढच्या पसंत्याच लेबरला घरी बसवू शकतील. त्या रात्री मी आधी तिसऱ्या क्रमांकाची मते पाहीन.