जॉर्जटाउन : जहाज सुटेपर्यंत

(दृश्य : डेकवरून दिसणारी पिनांगची सामुद्रधुनी. अजून अंधार.)

सकाळचे सात वाजलेत आणि धड उजाडलेलं नाही. मलेशियाचं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे चालतं. बोर्निओ बेटावरच्या सबा आणि सारावाक या मलेशियाच्याच राज्यांशी वेळ जुळावी म्हणून १ जानेवारी १९८२ला द्वीपकल्पातली घड्याळं अर्धा तास पुढे सरकवली. त्या साली इथलं नवं वर्ष अर्धा तास आधीच लागलं! पिनांगमध्ये सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात साधारण सव्वा वाजलेला असतो. ऊन उशिरापर्यंत भाजतं, म्हणून चालायचं ते सकाळीच.

काल जहाज थायलंडच्या फुकेतला होतं. तिथली वेळ एक तास मागे. लांबच्या क्रूझवर रात्री घड्याळं पुढे करायची सवय होऊन जाते. कधी मात्र कप्तान जहाजाची वेळ बदलतच नाही. मग धक्क्यावर एक वेळ आणि जहाजावर दुसरी. मोबाईल गुपचूप किनाऱ्याची वेळ धरतो. जहाज सुटतं ते त्याच्या स्वतःच्या वेळेवर.

(दृश्य : स्वेटनहॅम धक्का. शिडीवरून उतरणारे प्रवासी, कार्ड तपासणारे कर्मचारी.)

जहाजाच्या पत्रिकेत ‘बँकॉक’ असं छापलेलं असतं, पण मोठी जहाजं लागतात लेम चाबांगला. तिथून शहर गाठायला बसने दोन तास लागू शकतात. हो ची मिन्ह सिटीच्या नावाखाली फू मी. पिनांग या बाबतीत दिलदार आहे. धक्क्यातून बाहेर पडलं की समोर जॉर्जटाउन, तेही जुनं शहर. २००८पासून मलाक्कासह जागतिक वारसा यादीत असलेलं.

टॅक्सीवाले विचारतात, “पिनांग हिल?” टेकडी सुंदर आहे. १९२०च्या दशकापासून तिच्यावर केबलने ओढली जाणारी रेल्वे चढते. पण क्रूझ लागलेल्या दिवशी तिथली रांग अर्धी सकाळ खाते. आमचं मत स्पष्ट आहे : पायी चला.

(दृश्य : घड्याळाचा मनोरा.)

पहिलाच थांबा घड्याळाचा. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाली म्हणून चिआ चेन इओक या धनिकाने हा मनोरा शहराला दिला. वर्षाला एक फूट, असा साठ फूट उंच. १९०२मध्ये तो पुरा झाला तेव्हा राणी हयात नव्हती. नीट पाहिलं तर मनोरा किंचित कललेला दिसतो. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बची ती खूण, असं सांगतात.

शेजारीच फोर्ट कॉर्नवॉलिस. १७८६मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा फ्रान्सिस लाइट इथे उतरला. सयामपासून, म्हणजे आजच्या थायलंडपासून, संरक्षण मिळेल या आशेवर समोरच्या किनाऱ्यावरल्या केडाह राज्याच्या सुलतानाने पिनांगचं बेट दिलं. कंपनीने बेट ठेवून घेतलं, संरक्षण दिलं नाही. सुलतानाने ते परत घ्यायचा प्रयत्न केला, पण हरला. किल्ल्याने स्वतः मात्र कधी लढाई पाहिली नाही. इथली सर्वांत नावाजलेली तोफ, सेरी रामबाई, डच आहे, १६०३ची. मूल व्हावं म्हणून बायका तिच्यावर फुलं ठेवत आल्या आहेत.

लाइटने बंदर करमुक्त ठेवलं आणि जहाजांची रीघ लागली. माल उतरला, माणसंही उतरली. त्यांतले बरेच परत चढले नाहीत. एकाच रस्त्याच्या अंगाने गेलं की हे दिसतं : १८१८चं सेंट जॉर्ज चर्च, क्वान यिन देवीचं धुपाने भरलेलं मंदिर, तमिळांनी १८३३मध्ये बांधलेलं मारिअम्मन मंदिर आणि दक्षिण भारतीय मुसलमान व्यापाऱ्यांची कपितान केलिंग मशीद. खू घराण्याचं कुलमंदिर थोडं पुढे आहे. आधीची वास्तू १९०१मध्ये जळाली. ती चीनच्या सम्राटाच्या महालाशी बरोबरी करत होती म्हणून देव कोपले, अशी समजूत. नवी जरा आवरून बांधली म्हणतात. तिचं छत पाहिल्यावर ‘आवरून’ यावर विश्वास बसत नाही.

भिंतीवरच्या सायकलच्या चित्रापाशी फोटोसाठी गर्दी असते. आम्ही पुढे निघालो.

(दृश्य : च्यू जेट्टी. फळ्यांची वाट, दोन्हीकडे घरं, खाली ओहोटीचा चिखल.)

वेळ राखून ठेवायचा तो इथे. फूजियान प्रांतातून आलेल्या मजुरांनी आणि नावाड्यांनी पाण्यात खांब रोवून घरं उभी केली. एका आडनावाचा एक धक्का : च्यू, लिम, तान, ली. आडनाव तेच काम मिळवून देणारं, तेच भांडणात पाठीशी उभं राहणारं. पायाखाली जमीन नाही, म्हणून जमिनीचा करही नाही, असं इथले लोक सांगतात. चिनी नववर्षाच्या नवव्या दिवशी जेड सम्राट या स्वर्गाच्या देवाच्या वाढदिवसाला ही अरुंद वाट नैवेद्याच्या टेबलांनी भरून जाते. आज पुढच्या घरांत टी-शर्ट आणि आइसक्रीम विकायला आहे, मागच्या घरांत कपडे वाळत आहेत. दारातून आत कॅमेरा वळवू नये. आम्ही वळवला नाही.

(दृश्य : लाक्साचा वाडगा.)

जेवायला आसाम लाक्सा. बांगड्याचा आंबट रस्सा, तांदळाच्या जाड शेवया, पुदिना, अननस, वर काळसर कोळंबीची चटणी. आंबटपणासाठी चिंचेबरोबर जे वाळवलेलं फळ पडतं ते आपल्या कोकमाच्याच कुळातलं. पैसे रिंगिटमध्ये, शक्यतो सुटे.

(दृश्य : धक्क्याजवळचा कोपरा.)

वायफाय मिळेल तिथे जहाजाचे कर्मचारी बसलेत, फिलिपिनो, इंडोनेशियन, भारतीय. दोन-तीन तासांची सुटी, ती घरच्यांशी बोलण्यात जाते. मनोरा त्यांनी पाहिलाय, अनेकदा.

सुटण्याच्या वेळेआधी सगळ्यांनी आत असायला हवं. जहाजाच्या स्वतःच्या सहलीची बस अडकली तर थांबतात. एकट्याने हिंडणाऱ्यासाठी सहसा नाही. त्याचा पासपोर्ट केबिनमधून काढून बंदरातल्या एजंटाकडे देतात. पुढचं बंदर क्वालालंपूरजवळचं पोर्ट क्लांग असेल तर फेरीने समोरच्या किनाऱ्यावरचं बटरवर्थ, तिथून क्वालालंपूरची रेल्वे, सुमारे चार तास, आणि पुढे टॅक्सी. खर्च ज्याचा त्याने करायचा.