निवळशंख

(दृश्य : पहाट. गल्लीच्या टोकाचा नळ. बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज.)

साडेपाच वाजलेत. नळाला पाणी आलंय. पहिली बादली भांड्यांना आणि लादी पुसायला, दुसरीपासून पिण्याचं. ही वाटणी घरोघरी ठरलेली असते, कारण पहिलं पाणी गढूळ येतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. थोड्या वेळानं पाणी निवळतं. तांब्या उजेडात धरला की तळ स्वच्छ दिसतो. आपण म्हणतो, पाणी कसं निवळशंख आहे. आणि पितो.

या एका शब्दावर आपला फार विश्वास आहे.

(दृश्य : खडकवासला धरणाची भिंत. पलीकडे इमारतींच्या रांगा.)

जानेवारी 2025. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरातून एकाच तक्रारीचे रुग्ण दवाखान्यांत येऊ लागले. नांदेड, किरकटवाडी, धायरी, नांदोशी, खडकवासला. हे नांदेड मराठवाड्यातलं नव्हे, पुण्याला खेटून असलेलं. अनेकांना आधी जुलाब झाले होते, पोटात कळा आल्या होत्या. ते दोन-चार दिवसांत थांबलं आणि घरचे विसरूनही गेले. मग आठ-पंधरा दिवसांनी पायांना मुंग्या आल्या. जिना चढवेना. हातातला कप धरवेना. काहींना घास गिळता येईना, आणि काहींना श्वासासाठी व्हेंटिलेटर लावावा लागला.

आजाराचं नाव गुइलेन बॅरे सिंड्रोम. बातम्यांमधून आपल्या कानी पडलं ते जीबीएस. एरवी लाखात एखाद-दुसऱ्याला होणारा हा आजार. काही आठवड्यांत दोनशेहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. लहान मुलं होती, कमावती माणसं होती. बहुतेक जण हळूहळू सावरले, काहींचा जीव गेला.

जीबीएस स्वतः साथीनं पसरत नाही. एकाचा दुसऱ्याला होत नाही. पसरतं ते त्याच्या आधीचं दुखणं. पुण्यातल्या काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. काहींमध्ये नोरोव्हायरस. कॅम्पिलोबॅक्टर कोंबड्यांच्या आतड्यात मुक्काम करतो, म्हणून कच्च्या चिकनचीही चर्चा झाली. दूषित पाण्यातूनही तो तितक्याच सहज पोटात जातो.

या जिवाणूच्या आवरणावरचे काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखे दिसतात. शरीर जिवाणूशी लढायला प्रतिपिंडं तयार करतं. जिवाणू संपतो, पण चेहऱ्याच्या सारखेपणामुळे तीच प्रतिपिंडं आपल्याच नसांवर तुटून पडतात. म्हणून जुलाब थांबल्यावर पाय लुळे पडतात. नळाचं पाणी आणि अतिदक्षता विभाग यांच्यामध्ये दोन-तीन आठवड्यांचं अंतर पडतं, आणि मधल्या काळात कुणालाच धोका जाणवत नाही.

(दृश्य : विहिरीचा कठडा. आत हिरवट पाणी.)

धरण उशाला आणि कोरड घशाला, असं आपण म्हणतो. इथे घसा कोरडा नव्हता. खडकवासल्याचं पाणी नांदेड गावातल्या एका मोठ्या विहिरीत यायचं आणि तिथून आजूबाजूच्या वस्त्यांना जायचं. ज्या धरणाचं पाणी शुद्धीकरण केंद्रांतून गाळून पुणे शहराला मिळतं, तेच पाणी धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना न गाळता मिळत होतं. त्यात फक्त क्लोरीन सोडलं जायचं. यातली बरीच गावं 2021 मध्ये महापालिकेत आली. टोलेजंग इमारती तर त्याआधीच उभ्या राहिल्या होत्या. गाळण प्रकल्प मात्र आला नव्हता.

आणि तपासणी झाली तेव्हा काही घरांच्या नळाला ते क्लोरीनही सापडलं नाही.

एकट्या क्लोरीनवर भरवसा ठेवून भागत नाही, हे या देशानं एकदा फार महागात शिकलंय. 1955 साली यमुनेला पूर आला आणि ओसरताना नदीनं पात्र बदललं. नजफगढ नाल्याचं सांडपाणी मागे फिरून वझिराबादच्या उपशापाशी पोचलं, जिथून दिल्लीला पाणी जायचं. केंद्रावरच्या माणसांना शंका आली आणि त्यांनी क्लोरीनची मात्रा वाढवली. त्याचा उपयोगही झाला : विषमज्वर वाढला नाही, हगवण वाढली नाही. पण डिसेंबर 1955 आणि जानेवारी 1956 मध्ये कावीळ झालेल्यांचा आकडा 29,300 वर गेला. जिवाणू मेले होते, विषाणू वाचले होते. घाणीनं भरलेल्या पाण्यात क्लोरीन घाणीशीच झुंजण्यात खर्ची पडतं. म्हणून पाणी आधी गाळायचं, मग त्यात क्लोरीन घालायचं. या क्रमाला पर्याय नाही.

त्या साथीतल्या रुग्णांचा रक्तद्रव कुणीतरी जपून ठेवला होता. 1980 साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अमेरिकी सहकाऱ्यांसोबत तो तपासला, तेव्हा कळलं की ही हिपॅटायटिस ए नव्हती, बी नव्हती. आज आपण तिला हिपॅटायटिस ई म्हणतो. एरवी माणूस हिच्यातून उठतो, पण शेवटच्या महिन्यांतल्या गर्भवतीचा हिच्यात जीव जाऊ शकतो. घरात दिवस गेलेली सून किंवा लेक असेल आणि गल्लीत काविळीचे दोन रुग्ण असतील, तर पाणी उकळायला उद्याची वाट पाहू नका.

(दृश्य : गटार. त्यातून ओलांडून गेलेल्या सहा-सात नळजोडण्या.)

केंद्रातून शुद्ध निघालेलं पाणी वाटेत बिघडतं ते असं. हे चित्र आपल्या प्रत्येक शहरात दिसेल. पाणी दिवसातून दोन तास येतं. उरलेले बावीस तास जलवाहिनी रिकामी. रिकाम्या नळीला चीर असेल, तर बाहेरचं आत झिरपतं, आणि बाहेर गटार असतं. वर कुणी नळाला थेट मोटार लावली, तर ओढ वाढते आणि नळी घाण अक्षरशः शोषून घेते. शेजाऱ्याच्या मोटारीवरून भांडण होतं ते पाणी कमी येतं म्हणून. खरं तर ते घाण येते म्हणूनही व्हायला हवं.

खेड्यात वाट वेगळी. जुलै 2022 मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत कॉलरा पसरला. नळयोजना होती, पण बिल थकल्यामुळे तिची वीज तोडलेली. लोकांनी उघड्या विहिरीचं पाणी प्यायलं. माणसं दगावली.

(दृश्य : ग्रामपंचायत कार्यालयाचा कोपरा. भिंतीला टेकवलेलं टीसीएलचं पोतं, तोंड उघडं.)

पोत्याचं तोंड बघा. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताजी असते तेव्हा तिच्यात साधारण तेहतीस टक्के क्लोरीन असतं. साधा हिशोब : हजार लिटर पाण्याला पाच ग्रॅम, आणि सोडण्याआधी अर्धा तास थांबायचं. पण पोतं असं उघडं राहिलं, पावसाळ्यात दमट झालं, की क्लोरीन उडून जातं. उरतो तो चुना. टाकणारा इमानानं मोजून टाकतो, वहीत सही करतो, आणि पाण्यात चुना पडत राहतो. त्या माणसाला दोष देऊन भागणार नाही. पोतं कोरड्या जागी, बंद डब्यात ठेवायचं आहे, हे त्याला कुणी सांगितलं का, डबा कुणी दिला का, ते आधी विचारावं लागेल.

शहरात लोक जारवर आणि आरओवर विसंबतात. आरओ क्लोरीन काढून टाकतं. ते पाणी उघड्या टाकीत किंवा न धुतलेल्या जारमध्ये साठलं, तर त्याला राखणदारच उरत नाही. पुण्यातल्या साथीच्या वेळी काही खासगी टँकरच्या पाण्यात ई. कोलाय सापडला, म्हणजे विष्ठेची खूण. महापालिकेनं कितीतरी खासगी आरओ केंद्रं बंद केली.

घरापुरता उपाय आजीच्या काळातलाच आहे. पाणी खळखळून उकळायचं, त्याच भांड्यात झाकून गार करायचं, आणि काढायला लांब दांड्याचं ओगराळं. हात बुडवून पेला भरला, तर उकळलेलं वाया गेलं. आशाताई मेडिक्लोर, म्हणजे पाण्यात टाकायचं क्लोरीनचं औषध, देऊन जातात, ती बाटली फडताळात वाळत ठेवू नका. आणि जुलाबानंतर पायांत बळ वाटेनासं झालं, तर 'अशक्तपणा असेल' म्हणून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

पण घरचं पातेलं हा तात्पुरता आधार आहे. रोज सव्वाशे घरांनी गॅस जाळून पाणी उकळायचं, कारण एका टाकीवर काम नीट होत नाही, हे मला पटत नाही. गॅस नसलेल्या घरानं काय करायचं?

(दृश्य : तोच पहाटेचा नळ. एक ताई पिशवीतून छोटी काचेची नळी काढतात.)

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं. या ताई त्यांच्यातल्या. टाकीजवळच्या नळाला त्या थांबत नाहीत. चालत गावाच्या पार टोकाला येतात, कारण तिथवर क्लोरीन पोचलं तर सगळीकडे पोचलं. याला गावात ओटी टेस्ट म्हणतात. नळीत खुणेपर्यंत पाणी, त्यात औषधाचे थेंब. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवं.

ताई नळी हलवतात. उजेडासमोर धरतात. मनात दहापर्यंत मोजतात.

पाणी निवळशंख आहे.

त्या पुन्हा एकदा नळी भरतात, पुन्हा थेंब टाकतात. तसंच. मग वही उघडून तारखेसमोर शून्य लिहितात, आणि पदर खोचून टाकीच्या दिशेनं निघतात. नळाशी रांगेत दुसरी असलेली बाई आपली घागर बाजूला घेते आणि मागच्या बाईला म्हणते, "थांब गं, ताई काय सांगते ते येऊ दे."