निवडलेली मेथी कोणाच्या ताटात?

मंडळी, सुरुवात एका कागदापासून करते.

मी आहारतज्ज्ञ आहे. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी एका लहानशा दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस बसते. येणाऱ्या बायका बहुतेक जनता वसाहत, दांडेकर पूल या भागातल्या. रक्त कमी, हिमोग्लोबिन आठ, नऊ, क्वचित दहा. त्यांना मी कित्येक वर्षं एक छापील कागद देत आले. रोज एक पालेभाजी, मोड आलेली कडधान्यं, एक फळ, कपभर दूध. एकदा एका ताईने तो कागद सगळा वाचला, नीट चार घड्या घातल्या आणि म्हणाली, "मॅडम, मेथी मी रोज निवडते. सहकारनगरात. दोन घरांची."

तिची स्वतःची मुलं चहा-पाव खाऊन शाळेत जातात. वस्तीत नळाला पाणी येतं पहाटे, ते भरायचं, डबा करायचा आणि सात वाजता पहिल्या घरी पोचायचं. त्यात मेथीची जुडी निवडणं, माती जाईपर्यंत तीन पाण्यांतून काढणं, हे बसवायचं कुठे? तिला मेथीचं महत्त्व माझ्याइतकंच ठाऊक होतं.

गरिबाला पौष्टिक खाणं परवडतं का, असं कोणी विचारलं की आपल्याकडे एक उत्तर तयार असतं. न परवडायला काय झालं? ज्वारीची भाकरी, झुणका, पालेभाजी, मटकीची उसळ हे तर गरिबाचंच अन्न. वीस रुपयांच्या वडापावाऐवजी तेवढ्याची भाजी आणावी. हे ऐकलं की मला राग येतो. बोलणाऱ्याने जुडीचा भाव धरलेला असतो. गॅस, तेल, पाणी आणि निवडणारीचा पाऊण तास यांचा हिशेब त्यात कुठेच नसतो.

म्हणून आज हिशेबच करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात साधारण २००० उष्मांकांचं दिवसाचं ताट दिलं आहे. धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, डाळी किंवा अंडी-मांस-मासे ८५ ग्रॅम, दूध-दही ३०० मिली, फळं १०० ग्रॅम, शिवाय दाणे-तेलबिया आणि तेल. चार माणसांच्या घराला महिन्याला किती लागेल? धान्य ३० किलो, भाजी ४८ किलो, डाळ दहा किलो, दूध ३६ लिटर. मुलांचं थोडं कमी धरा. दूध लिटरला पन्नास-पंचावन्न रुपये धरलं तर नुसत्या दुधाचेच अठराशे ते दोन हजार. भाजी सरासरी चाळीस रुपये किलोने घेतली तर जवळजवळ तेवढेच. डाळीचे हजार-बाराशे. फळं, दाणे, तेल अजून यायचंच आहे. घरात येणारे पैसे चौदा-पंधरा हजार आणि त्यातले पाच हजार खोलीभाड्याला गेलेले, अशी कितीतरी घरं मी ओळखते.

आता यात सरकारची मदत कुठे पोचते ते बघा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने 'प्राधान्य कुटुंब' या रेशनकार्डाच्या गटातल्या घराला माणशी पाच किलो धान्य मिळतं आणि २०२३ पासून ते मोफत आहे. चार माणसांना वीस किलो. म्हणजे तीस किलोतलं वीस किलो धान्य फुकट आलं. ही मदत खरोखर मोठी आहे, ती नसती तर माझ्या दवाखान्यातले आकडे आणखी वाईट असते. पण ताटातला सगळ्यांत स्वस्त भाग तोच आहे. महाग भाग, म्हणजे डाळ, दूध, भाजी, फळ, तो घरच्या बाईच्या पदरात तसाच राहतो.

हे असं का झालं, याचा एक धागा आपल्या पुण्यातूनच जातो. १९७१ मध्ये गोखले इन्स्टिट्यूटमध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ या अर्थशास्त्रज्ञांनी देशातली गरिबी मोजली. रोजचे २२५० उष्मांक मिळवायला किती खर्च येतो, यावर त्यांनी दारिद्र्याची रेषा आखली. १९६०-६१ च्या भावाने शहरात माणशी महिना साडेबावीस रुपये, खेड्यात पंधरा. पुढे पुण्यातच संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी या मोजणीशी वाद घातला. प्रत्येक शरीराची गरज वेगळी असते, आणि घाणेरड्या पाण्याने पोट बिघडलेलं असेल तर खाल्लेलं अंगी लागत नाही, हे ते सांगत राहिले. दांडेकर-रथांचं काम मी मोठं मानते. भूक हा देशाचा प्रश्न आहे हे त्यांनी रुपयांत दाखवलं. पण उष्मांकाचं माप आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलं, की पोट भरलं म्हणजे पोषण झालं असं आपण धरून चाललो.

तसं ते होत नाही, हेही पुण्यातच दिसलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांच्या आहाराचा अभ्यास केला. या बायका किडकिडीत, शेतात राबणाऱ्या. त्यांनी एकूण किती उष्मांक आणि प्रथिनं खाल्ली, याचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध लागला नाही. संबंध लागला तो पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाल्लं याच्याशी. ज्यांच्या खाण्यात हे वारंवार होतं त्यांची बाळं चांगल्या वजनाची निघाली. एकूणच या गावांतली बरीचशी बाळं दिसायला बारीक, पण अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त, म्हणजे पुढे मधुमेहाकडे झुकणारी. आईच्या ताटात मेथी होती की नव्हती, याचा परिणाम चाळीस वर्षांनी मुलाच्या रक्तातल्या साखरेत दिसू शकतो. म्हणून मला ती जुडी क्षुल्लक वाटत नाही.

मग मी आता काय सांगते? छापील कागद देणं मी बंद केलं. वेळ कमी खाणारे पदार्थ आधी सांगते. जवसाची, कारळ्याची, तिळाची चटणी एका रविवारी कुटली की पंधरा दिवस पुरते. दाण्याचं कूट भाजीत सढळ हाताने. अंडं, कारण त्याला निवडणं नाही, धुणं नाही, सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि दहा मिनिटांत ते ताटात येतं. खाणाऱ्यांनी जवळा, सुकट. जेवणावर लिंबू पिळायचं, आणि चहा जेवणाला लागून प्यायचा नाही, तासभर थांबायचं, नाहीतर भाजीतलं लोह अंगी लागत नाही. हे सगळं उपयोगी पडतं, पण याने प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. दूध आणि फळ या यादीत बसत नाही. शिवाय तेल पावशेर, डाळ पावशेर अशी रोजच्या रोज घेणारीला ती मोठ्या पिशवीपेक्षा महागच पडते.

प्रश्न सुटायचा तर दोन गोष्टी हव्यात, आणि दोन्ही करून पाहिलेल्या आहेत. एक म्हणजे रांधण्याचं ओझं एकेका घरावरून काढून वाटून घेणं. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने, म्हणजे हमालांच्या संघटनेने, सत्तरच्या दशकात 'कष्टाची भाकर' सुरू केली. हमालाला, मजुराला परवडेल अशा दरात भाकरी-भाजी, आणि ती करणाऱ्या बाईला रोजगार. २०२० मध्ये राज्यात दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली, दोन चपात्या, भाजी, वरण, भात. अशी केंद्रं वस्तीच्या तोंडाशी हवीत, संध्याकाळी सातला उघडी हवीत, म्हणजे शेवटचं घर आटपून येणारी बाई वाटीभर पालेभाजी घरी नेऊ शकेल.

दुसरी म्हणजे रेशनवर गव्हा-तांदळाबरोबर दरमहा डाळ आणि शेंगदाणे, आणि शाळेत अंडं. महाराष्ट्रात २०२३ च्या अखेरीस शाळेच्या जेवणात आठवड्याला एक अंडं सुरू झालं, नको असेल त्याला केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा सरकारी निधी थांबला, आणि द्यायचं असेल तर लोकांच्या मदतीतून द्या, असं शाळांना सांगण्यात आलं. आठवड्याला एक अंडं! मला हे आजही पटत नाही. इथे बसलेल्यांपैकी ज्यांची ओळख नगरसेवकांशी, आमदारांशी आहे त्यांनी हा विषय काढावा, पुन्हा पुन्हा काढावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

ती ताई पुढच्या मंगळवारी रक्ताचा रिपोर्ट घेऊन येणार आहे. या वेळी तिला आधी विचारणार आहे, पाणी पहाटे किती वाजता येतं, आणि ते भरायला घरात आणखी कोण उठतं.