काकांनी किती प्लेटा पोहे खाल्ले?

नमस्कार श्रोतेहो. आज माध्यमांचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींशी मुद्दाम बोलायचंय, पण घरातल्या मोठ्यांनीही ऐकायला हरकत नाही, कारण यांच्या फिल्ममध्ये शेवटी काम तुम्हालाच करावं लागतं.

प्रोजेक्टच्या मोठ्या फिल्मआधी सरावाची एक छोटी फिल्म करायला सांगतात. एक माणूस दार उघडून आत येतो, दुसऱ्यासमोर खुर्चीत बसतो, दोघं दोन वाक्यं बोलतात. संपलं. पुन्हा सांगते: दार, खुर्ची, दोन वाक्यं. यात कसलं आलंय नियोजन, असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

वीसेक वर्षांपूर्वी मी पुण्यात शिकत होते. मिनी-डीव्ही कॅमेरा एका रविवारपुरता मिळाला होता, सोबत एक तासाची एकच कॅसेट. जागा म्हणजे मावशीचं सदाशिव पेठेतलं घर. गोष्ट अशी, की मुलगा गुणपत्रिका घेऊन घरी येतो, वडील नाश्ता करतायत. वडील विचारतात, ‘लागला निकाल?’ मुलगा म्हणतो, ‘हो.’ मुलगा झाला वर्गातला एक मित्र, वडील झाले मावशीचे यजमान, आमचे काका. मी वहीत नऊ शॉट लिहून काढले होते. प्रत्येकाचं चौकट आखून चित्र, कॅमेरा कुठे, खिडकी कुठे, सगळं. काकांच्या ताटलीत काय आणि किती, एवढंच लिहिलं नव्हतं.

ताटलीत पोहे होते. कांदेपोहे. पोह्यात बटाटा घालणाऱ्यांशी माझं जमत नाही, पण तो विषय वेगळा.

पहिला शॉट झाला. मित्र उंबऱ्याला अडखळला, म्हणून पुन्हा घेतला. काका आज्ञाधारक, ‘अ‍ॅक्शन’ म्हटलं की एक घास. पुन्हा ‘अ‍ॅक्शन’, पुन्हा घास. मी कॅमेऱ्याच्या खटपटीत. तेवढ्यात मावशी बाहेर आली, ताटली बघून म्हणाली, ‘अगं, वातड झालेत ते. गार पोहे खायला लावतेस होय यांना?’ आणि ताटली उचलून आत. आली ती भरून, वाफाळती, वर खोबरं-कोथिंबीर. मी म्हटलं, वा, फ्रेममध्ये छान दिसतंय! पुढच्या शॉटला लिंबाची फोड आली. त्याच्या पुढच्याला शेव. दुपारचा एक वाजला तरी काका नाश्ताच करत होते आणि त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवरचं घड्याळ इमानेइतबारे चालू होतं.

एडिटिंगला बसले तेव्हा घाम फुटला. वडील ‘लागला निकाल?’ विचारतात तेव्हा ताटलीत तीन शेंगदाणे आणि एक मिरची. मुलगा ‘हो’ म्हणतो. पुन्हा वडील, तर ताटलीत पोह्यांचा डोंगर आणि वाफ. पुढच्या शॉटला निम्मे. मग एकदम लिंबू. घड्याळात सव्वादहा, मग पाऊण, मग पुन्हा साडेदहा. वर्गात फिल्म लागली. मिनिटभराचीच होती. दिवे लागल्यावर सरांनी शांतपणे एकच प्रश्न विचारला, ‘वडिलांनी एकूण किती प्लेटा खाल्ल्या?’

पाच. मी नंतर मोजल्या. काका त्या रात्री जेवले नाहीत.

म्हणून कागदावर शॉटसमोर आणखी एक रकाना काढा: हातात काय, अंगात काय, मागे काय. आणि एक माणूस फक्त याच कामाला ठेवा. प्रत्येक शॉट संपला की त्याने मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. घड्याळातला सेल आधीच काढून घ्या. आणि पात्राला खायला देऊच नका. द्यायचंच असेल तर रिकामा कप द्या.

बाकीचं झटपट सांगते. दाराचं हँडल फिरवणारा हात बाहेरून घेतलात, की तीच हालचाल आतूनही पूर्ण घ्या, म्हणजे हालचाल चालू असतानाच शॉट जोडता येतो आणि सांधा दिसत नाही. समोरासमोर बसलेल्या दोघांच्या नाकांना कपडे वाळत घालायची दोरी बांधलीय असं समजा. कॅमेरा दोरीच्या एकाच बाजूला राहायला हवा. ओलांडलीत, तर दोघं एकाच दिशेला बघतायत असं दिसतं. दोरी ओलांडायची नाही. आणि एका बाजूचे सगळे शॉट एकदम उरका, मग कॅमेरा हलवा.

सराव म्हणजे कमीपणा वाटत असेल, तर दादासाहेब फाळके आठवा. 1912 साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी आधी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा त्याच्यासमोर रोवला आणि रोज थोडं थोडं करत महिनाभराहून जास्त काळ त्या रोपाचं चित्रण केलं. पडद्यावर ते मिनिटभराचंच, ‘अंकुराची वाढ’. पण ते पाहून पैसे लावणारा माणूस मिळाला आणि पुढच्याच वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. त्यांचं रोप सगळ्या चित्रणात एका जागचं हललं नाही. आमचे पोहे बघा!

एक विनंती. शेवटी गजर वाजतो आणि सगळं स्वप्न असतं, ही गोष्ट आता नको. आणि दार-खुर्चीसाठी कुणी ड्रोन भाड्याने आणू नका. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होतेय आणि आवाजाबद्दल राहिलंच. पंखा बंद करा. फ्रिजही बंद करा, कारण त्याची घरघर कानाला कळत नाही, माइकला कळते. आणि बंद करताना आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. घरी निघताना ती शोधाल, तेव्हा फ्रिज पुन्हा सुरू करायचं आठवेल. मावशीचं दीड लिटर दूध नासल्यावर मला ही युक्ती कुणीतरी सांगितली. नमस्कार.