पावसाळ्यात गोव्याला जाताय? मग समुद्राकडे पाठ करा

नमस्कार मंडळी! मागे जो आवाज येतोय ना, तो पत्र्यावरच्या पावसाचा आहे. त्याला काही म्यूट करता येत नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

जून उजाडला की मला हमखास विचारतात, "पावसात गोव्याला जाऊन करायचं काय? बीच तर बंद!" खरंय. किनाऱ्यावरची झोपडीवजा हॉटेलं, म्हणजे शॅक, उतरवलेली असतात, वॉटर स्पोर्ट्स थांबलेले असतात, समुद्रात पोहायला मनाई असते. म्हणूनच म्हणतो, समुद्राकडे पाठ करा आणि आत वळा.

पण आधी ती मनाई का, ते बघू. कारण "गुडघाभर पाण्यात काय होतंय रे" म्हणणारा एक तरी वीर प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. ते पाणी परत जायला वाट शोधतं, आणि वाळूत जिथे खोलगट जागा सापडेल तिथून अरुंद पट्ट्यात जोरात परत समुद्रात जातं. गंमत म्हणजे त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात. दोन्ही बाजूंना फेस उसळतोय आणि मधला तुकडा गढूळ पण शांत. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो! कधी त्यात सापडलातच, तर किनाऱ्याकडे हात मारत दमू नका. किनाऱ्याला समांतर पोहत आधी त्या ओढीतून बाहेर पडा. अर्थात, उतरूच नका. लाल बावटा दिसला की लांबूनच फोटो काढा आणि चहाला चला.

आता मासे. १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ ना हा. त्यामुळे ताटातली सुरमई बर्फातून आलेली असू शकते. त्यापेक्षा सुक्या सुंगटांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, खोबरं घातलेली किसमूर मागा. पावसाआधी घरोघरी सुकं-खारं भरून ठेवतात, त्याला तिकडे पुरुमेंत म्हणतात. पावसाळ्यातलं खरं गोव्याचं जेवण ते. आणि रस्त्याच्या कडेला पानात बांधलेली रानातली अळमी, म्हणजे अळंबी, दिसली, तर घ्या. महाग असतात, घासाघीस करत बसू नका.

माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे दिवाडी बेट. जुन्या गोव्याहून फेरीबोट मिळते. लोखंडी डेकवर दुचाकी लावायची आणि कठड्याला टेकून उभं राहायचं. खाली मांडवी, दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाची. पलीकडे उतरलं की भाताची शेतं, आणि जांभ्याच्या चिऱ्यांची कुंपणं. मे महिन्यात हीच कुंपणं भाजलेल्या विटेसारखी दिसतात. जुलैत त्यांवर शेवाळाची साय धरते आणि चिऱ्याच्या भोकाभोकातून नेचे डोकं काढतात. मी एका कुंपणापाशी अर्धा तास काढलाय. बायको म्हणाली, भिंत बघायला आलो का आपण? हो!

तारखा जुळत असतील तर २४ जूनला सांजाव, म्हणजे सेंट जॉनचा सण, असतो. डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घालून लोक विहिरीत उड्या मारतात. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला, म्हणजे चिखलातले खेळ. बघायला जा, पांढरा शर्ट घालू नका.

दूधसागर? कुळ्याहून सुटणाऱ्या जीप पावसाळ्यात बंद असतात, आणि रेल्वेच्या रुळांवरून चालत जायला बंदी आहे. "सगळेच जातात" हे पोलिसांना सांगून उपयोग होत नाही. पुणे-मिरज-बेळगाव मार्गाने येणारी गोवा एक्स्प्रेस पकडा. कॅसलरॉक आणि कुळ्याच्या मध्ये ती धबधब्याच्या अगदी समोरून जाते. ३१० मीटरचं पांढरं पाणी, डब्यातसुद्धा तुषार येतात. कोकण रेल्वेने येणार असाल तर पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक असतं, ते बघूनच पुढचं ठरवा.

सामानात जीन्स नको. माझी तीन दिवस वाळली नाही, आणि चौथ्या दिवशी तिला जो वास आला तो बॅगेतून अजून गेलेला नाही.

आणि भाड्याची स्कूटर. मी घेतली होती तिचा मागचा टायर गुळगुळीत होता. घेताना हेडलाइट बघितला, हॉर्न वाजवला, टायरकडे ढुंकूनही बघितलं नाही. दिवाडीवरच्याच एका शेवाळलेल्या वळणावर आडवा झालो, त्याच लाडक्या कुंपणाच्या पायथ्याशी. लागलं फारसं नाही, पण आता किल्ली हातात घेण्याआधी मी टायरच्या खाचांत नख घालून बघतो. तुम्हीही बघा.