माफी मागणाऱ्याचं काम

नमस्कार मंडळी. कापूस वेचता वेचता ज्यांनी रेडिओ धुऱ्यावर ठेवलाय, त्यांनाही नमस्कार.

आमच्या गावात पारावर बैठक बसली होती. बारा वर्षांपूर्वी धुऱ्याच्या भांडणात काकांचा हात मोडला, तो पुन्हा सरळ झाला नाही. मारणारा त्या दिवशी काकूंपुढे हात जोडून उभा होता. त्याच्या डोळ्यांत खरं पाणी होतं. "जाऊ द्या ना काकू, चूक कबूल केली त्यानं," सगळेच म्हणाले, मीही म्हणालो. काकू फुलवाती वळत राहिल्या आणि शेवटची वात डब्यात ठेवून उठून गेल्या.

मला तेव्हापासून चैन नाही. धुऱ्याच्या भांडणाची बरोबरी वंशसंहाराशी होऊच शकत नाही, तरी मला आफ्रिकेतला रवांडा देश आठवला. १९९४ साली तिथे शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी जमातीची. मारणाऱ्यांत शेजारीपाजारी होते, हातात कोयते होते. आणि तिथलं एक रेडिओ केंद्र तुत्सींना झुरळं म्हणत होतं. याच माध्यमातून हे सांगताना माझी जीभ जड होते.

पुढे तिथे गावोगावी गवतावर न्यायसभा भरल्या, त्यांचं नाव गाचाचा. २०१२ पर्यंत त्या चालल्या. गुन्हा कबूल करून माफी मागणाऱ्याची शिक्षा कमी व्हायची. म्हणजे पश्चात्तापात त्याचा फायदाही होता. समोर बसलेल्या बाईनं त्यातलं खरं किती, हे कसं ओळखायचं? तिला तर तिच्या लेकराला कुठं पुरलंय, एवढंच कळायला हवं होतं. ते सांगणं हे त्याचं काम होतं, तिनं माफ केलं तरी आणि नाही केलं तरी.

ऑशविट्झ या नाझींच्या छळछावणीतून वाचलेल्या एव्हा मोझेस कोर यांनी १९९५ साली तिथेच उभं राहून नाझींना माफ केलं. पण फक्त स्वतःच्या नावानं. मेलेल्यांच्या वतीनं त्या बोलल्या नाहीत. मला त्यांच्यापुढे मान झुकवावीशी वाटते. जी माफ करू शकत नाही, तिच्यापुढेही तितकीच. "एवढा रडतोय, आता तरी माफ कर," असं तिला म्हणणं म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक ओझं देणं.

परवा त्या माणसानं धुऱ्यावरचा उखडलेला दगड जागेवर बसवला. काकूंनी तो पाहिला. त्या अजून काही बोललेल्या नाहीत, आणि त्यांना कुणी विचारायला जाऊ नये, एवढं मी पारावर सांगून आलोय.